परत गेलेल्यांचा हिशेब : 'स्ट्रीट्स ऑफ गोल्ड' हे पुस्तक कसं वाचावं

परदेशात शहाणपणानं कसं राहावं, भविष्य कसं पक्कं करावं, यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. मावसभाऊ असतो, कॉलेजातला सीनियर असतो, यूट्यूबवरचा कुणी दादा असतो. पहिली पाच वर्षं कळ काढ, मग सगळं जमतं, भाषा पकड, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा घर घे. हे सल्ले वाईट असतात असं नाही. पण ते देणारी माणसं तिथे टिकलेली असतात. चौथ्या वर्षी नोकरी जाऊन परत आलेला माणूस चॅनल काढत नाही, गणपतीच्या पूजेनंतर पोरांना बाजूला घेऊन मार्गदर्शनही करत नाही. तो गप्प बसतो आणि आपल्या नमुन्यातून बाहेर पडतो.

संशोधनाच्या भाषेत याला नमुन्यातला निवड-दोष म्हणतात. गंमत म्हणजे नात्यातल्या सल्लागारांकडून जी चूक होते तीच चूक स्थलांतराच्या अर्थशास्त्रानं काही दशकं केली, तीही उत्तमातल्या उत्तम जर्नलांमधून. ती कशी सापडली आणि कशी दुरुस्त झाली, हे समजून घ्यायला रॅन अब्रामित्झ्की आणि लीआ बुस्तान यांचं 'स्ट्रीट्स ऑफ गोल्ड' हे २०२२ सालचं पुस्तक फार चांगलं आहे. मी स्थलांतरावरच पीएचडी करतेय, त्यामुळे हे पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा भारावून गेले. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी वही होती, आणि वहीत प्रश्नचिन्हं बरीच झाली. त्यातली महत्त्वाची इथे मांडते.

पंधरा वर्षांत बरोबरी?

आधी प्रश्न समजून घेऊ. स्थलांतरित माणूस अमेरिकेत पोहोचतो तेव्हा तिथल्या माणसापेक्षा कमी कमावतो. मग किती वर्षांनी त्याची बरोबरी होते? १९७८ साली बॅरी चिझविक यांनी 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये याचं उत्तर दिलं. १९७० च्या जनगणनेची आकडेवारी घेतली, कोण कधी आला ते पाहिलं, आणि दाखवलं की १० ते १५ वर्षांत स्थलांतरित पुरुषाची कमाई स्थानिकाच्या बरोबरीला येते आणि पुढे त्याच्याही वर जाते. आपल्या मावसभावाचा सल्लाच, फक्त समीकरणात मांडलेला.

आता यातली फट बघा. १९७० साली एकाच दिवशी काढलेला हा फोटो आहे. त्यात १९५० ला आलेला माणूस आहे आणि १९६९ ला आलेलाही आहे. पहिला जास्त कमावतो, दुसरा कमी. आपण चटकन म्हणतो की दुसरा वीस वर्षांनी पहिल्यासारखा होईल. पण ही दोन वेगळी माणसं आहेत. वेगळ्या काळात, वेगळ्या देशांतून, वेगळं शिक्षण घेऊन आलेली. जॉर्ज बोर्हास यांनी १९८५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांनी १९७० आणि १९८० अशा दोन जनगणना घेतल्या, आणि एकाच काळात आलेल्यांच्या तुकडीचा पुढे दहा वर्षं माग काढला. प्रगती दिसली, पण चिझविक म्हणत होते त्याहून बरीच मंद. नंतर आलेल्या तुकड्या सुरुवातीलाच मागे होत्या, म्हणून आधीच्या तुकड्या पुढे गेल्यासारख्या भासत होत्या.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. कारण तुकडीचा माग काढतानाही तुम्ही दुसऱ्या जनगणनेत मोजता ते उरलेल्यांना. एक काल्पनिक गणित करून बघा. दहा माणसं एकदम पोहोचली. पाच जण महिना ६ हजार डॉलर कमावतात, पाच जण ३ हजार. सरासरी साडेचार हजार. दहा वर्षांत कुणाचाच पगार एक डॉलरनेही वाढला नाही, पण कमी कमावणारे पाचही जण कंटाळून परत गेले. आता उरलेल्यांची सरासरी ६ हजार. जनगणना सांगेल : दहा वर्षांत कमाई ३३ टक्क्यांनी वाढली, बघा मेहनतीचं फळ. प्रत्यक्षात झालं एवढंच, की पाच जण विमानात बसले.

हे नुसतं कागदी गणित नाही. डॅरेन लुबॉट्स्की यांनी २००७ मध्ये अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्यातल्या कमाईच्या नोंदी वापरल्या, म्हणजे त्याच माणसाची वर्षानुवर्षांची खरी कमाई. पहिल्या वीस वर्षांत स्थानिकांबरोबरची दरी साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी होते असं त्यांना दिसलं. जनगणनांच्या तुकड्या लावून जो वेग दिसायचा, त्याच्या जवळपास निम्मा. कारण तेच : कमी कमावणारे जास्त प्रमाणात परत जातात आणि मागे राहिलेल्यांची सरासरी फुगवून जातात.

इथे थोडं थांबा आणि तुमच्या स्वतःच्या विषयाकडे बघा. वसतिगृहातल्या मुलींवर काम करताय? मध्येच सोडून गेलेल्या मुली तुमच्या यादीत आहेत का? बचत गटांवर काम करताय? मोडलेले गट कुठे आहेत? मी विद्यार्थ्यांना नेहमी हाच प्रश्न आधी विचारते, आणि उत्तर देताना बहुतेक जण खिडकीबाहेर बघतात.

जुन्या वह्या, जुनी नावं

अब्रामित्झ्की आणि बुस्तान यांची कामगिरी अशी, की त्यांनी हा वाद शंभर वर्षं मागे नेला. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी नावानिशी खुले होतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. (१८९० चे तक्ते मात्र जवळजवळ सगळे गेले, १९२१ च्या आगीनं त्यांचा घात केला. ऐतिहासिक संशोधन करणाऱ्यांना अशा आगी तोंडपाठ असतात.) या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर नाव, वय आणि जन्मदेश जुळवून तोच माणूस एका जनगणनेतून दुसरीत शोधला. वंशावळी शोधणाऱ्या हौशी लोकांनी याच नोंदी संगणकावर आणल्या होत्या, त्याचा फायदा यांना झाला.

कॅथरिन एरिक्सन यांच्यासोबत त्यांनी २०१४ मध्ये जो निबंध छापला, तो पुस्तकाचा कणा आहे. १९००, १९१० आणि १९२० या तीन जनगणनांत तीच माणसं, युरोपातल्या १६ देशांतून आलेली. निष्कर्ष असा, की सरासरी स्थलांतरित फार मागून सुरुवात करतच नव्हता, आणि नंतर त्याची प्रगतीही स्थानिकांच्याच वेगानं होत होती. रिकाम्या हातांनी येऊन कोट्यधीश होण्याची जी दंतकथा अमेरिकेत सांगितली जाते, ती आकड्यांत दिसत नाही. ज्या देशांची माणसं मागून सुरू झाली, ती वीस वर्षांनीही मागेच होती. जी पुढे होती, ती पुढेच राहिली. एका फोटोत दिसणारी झेप ही पुन्हा बदललेल्या तुकड्यांची आणि परत गेलेल्यांची करामत.

मग 'सोन्याचे रस्ते' हे शीर्षक कशासाठी? पुस्तकाचं खरं म्हणणं पुढच्या पिढीबद्दल आहे. गरीब स्थलांतरिताची मुलं तितक्याच गरीब स्थानिकाच्या मुलांपेक्षा कमाईच्या क्रमवारीत वर जातात. शंभर वर्षांपूर्वी जात होती, आजही जातात. तेव्हा इटली, फिनलंड. आज मेक्सिको, ग्वाटेमाला, लाओस. अपवाद आहेत. जमैका, हैती अशा कॅरिबियन देशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलग्यांना हा फायदा दिसत नाही, आणि अमेरिकेत वर्ण काय करतो ते तिथे दिसतं. पण एकूण आकृतीबंध विलक्षण ठाम आहे.

याचं कारण काय, यावरचा भाग मला पुस्तकात सर्वांत आवडला. जास्त कष्टाळू संस्कृती, घरात अभ्यासाला महत्त्व, असली उत्तरं लेखकांनी पहिल्यांदाच स्वीकारली नाहीत. त्यांनी पाहिलं, की आईबाप कुठे जाऊन राहिले. स्थलांतरितांनी मागास दक्षिण टाळली, जिथे संधी होती तिथे बस्तान बसवलं. एकाच भागातली स्थलांतरितांची आणि स्थानिकांची मुलं शेजारी ठेवली, तर जुन्या काळातला बराचसा फरक विरून जातो. आणखी एक तुलना आहे, ती फार हुशारीची : आपलं जन्मराज्य सोडून दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्थानिक अमेरिकनांची मुलं. तीही स्थलांतरितांच्या मुलांसारखीच वर जातात. म्हणजे गुण परकेपणाचा नाही, जागा सोडण्याचा आहे.

उस्मानाबादहून पुण्यात आलेल्या कुटुंबांना हे लागू पडेल का? चांगला प्रश्न आहे, पण ही पद्धत वापरून भारतात उत्तर काढता येणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार आपल्या व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात, कितीही वर्षं लोटली तरी. नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ च्या फेरीत किंवा २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतराचे प्रश्न आहेत, पण त्यात तोच माणूस वीस वर्षांनी पुन्हा भेटत नाही.

मोजपट्टीत काय मावत नाही

आता माझ्या वहीतली प्रश्नचिन्हं.

पहिलं तांत्रिक आहे, पटकन सांगते. १९४० च्या आधी अमेरिकन जनगणनेत पगार विचारतच नव्हते. त्यामुळे जुन्या काळातली 'कमाई' ही खरं तर व्यवसायावरून लावलेला अंदाज आहे. सगळे सुतार एकाच पगाराचे. इटालियन सुताराला स्थानिक सुतारापेक्षा कमी मिळत असेल, तर ते या आकड्यांना दिसणार नाही. शिवाय जुळणी नावावरून, त्यामुळे लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या बायका जवळजवळ गळून जातात. लेखक हे लपवत नाहीत. पण निबंधातली ही सावधगिरी पुस्तकात येईपर्यंत पातळ होते. लोकांसाठी लिहिताना असं होतंच. म्हणून पुस्तक वाचा, पण प्रबंधात संदर्भ देताना मूळ निबंधाकडे जा.

दुसरं प्रश्नचिन्ह मोठं आहे. परदेशी गेलेल्या माणसाला 'भविष्य पक्कं झालं का' असं विचारलं, तर तो क्रमवारीतल्या पायरीबद्दल बोलत नाही. उद्या मला इथे राहू देतील का, आजारी आईला भेटायला जाऊन परत येता येईल का, म्हातारपणी हातात काय असेल, हे त्याचे प्रश्न. पुस्तकाची मोजपट्टी उत्पन्नाची आहे. इतर गोष्टींनाही त्यात जागा मिळते. इंग्रजी येणं, स्थानिकांशी लग्न, मुलांची नावं (आपल्याकडेही आता नील, माया, रिया अशी दोन्हीकडे खपणारी नावं शोधतात, तसंच तेव्हाही होतं). पण राहण्याचा हक्क ही गोष्ट जवळजवळ गृहीत धरलेली आहे. एलिस बेटावर उतरलेल्या युरोपीय माणसाच्या बाबतीत ते चालून जातं. आपल्या माणसांच्या बाबतीत कधीच चाललं नाही.

वैष्णो दास बगाई यांचं उदाहरण घ्या. पेशावरचे सधन गृहस्थ, १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. बरोबर भांडवल आणलं, दुकान काढलं, इंग्रजी बोलत, पाश्चात्त्य पोशाख करत. १९२१ मध्ये रीतसर नागरिक झाले. आज कुठल्याही सल्लागाराकडे जी यादी असते ती त्यांनी पूर्ण केली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग आधी नागरिक झालेल्यांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. बगाईंचंही गेलं. दुकान गेलं. भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

आता हे कुटुंब 'स्ट्रीट्स ऑफ गोल्ड'च्या चौकटीत ठेवा. कला बगाईंनी एकटीनं मुलांना वाढवलं, मुलं कॉलेजात शिकली, कला पुढे तिथल्या भारतीय समाजाच्या आधारवड झाल्या. बर्कली शहरानं २०२० मध्ये एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं. बाप-मुलाच्या उत्पन्नाची क्रमवारी काढली, तर ही गोष्ट यशाची म्हणून नोंदली जाईल. आकडा चुकीचा नसेल. पण त्या आकड्याला जे कळत नाही, तेच या कुटुंबाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं होतं.

त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये सखाराम गणेश पंडित नावाचे वकील होते. त्यांचं नागरिकत्व १९१४ चं. सरकारनं तेही रद्द करायला खटला भरला. पंडितांनी आपण गोरे आहोत की नाही हा वाद घालायचं टाळलं. त्यांचा मुद्दा साधा होता : न्यायालयानं एकदा मला नागरिक केलं, सरकारला तेव्हा हरकत घेता आली असती, घेतली नाही; त्या निर्णयावर विसंबून मी वकिली केली, मालमत्ता घेतली, संसार उभा केला; आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं ते मानलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. त्यानंतर भारतीयांविरुद्धची ही मोहीम थंडावली.

बगाई आणि पंडित यांच्या कमाईत, शिक्षणात, शहाणपणात असा काय फरक होता? एकाला कायद्याची भाषा येत होती आणि न्यायालयात उभं राहायचा परवाना होता. 'मिसळून जाणं' मोजणाऱ्या कुठल्याच निर्देशांकात हा रकाना नाही. माझ्या मते स्थलांतराच्या अभ्यासातली ही सर्वांत मोठी रिकामी जागा आहे, आणि ज्यांना विषय सापडत नाहीये त्यांनी इथे बघावं.

आजचा हिशेब

शंभर वर्षांपूर्वीचं झालं, आता काय, असं कुणी म्हणेल. आज वर्णावरून नागरिकत्व नाकारत नाहीत. पण रांग आहे. नोकरीच्या आधारावर अमेरिकेत वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. देश लहान असो की भारताएवढा. एच-वन-बीची मुदत सहा वर्षांची. ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच पुढे वाढते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं, तर ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडण्याची शक्यता असते.

असा माणूस उत्पन्नाच्या क्रमवारीत वरच्या दहा टक्क्यांत असू शकतो. पुस्तकाच्या भाषेत तो पोहोचला. पण तो नोकरी बदलताना वकिलाला विचारतो, घर घेताना दहादा विचार करतो, वडील गेल्यावर व्हिसाचा शिक्का संपलाय म्हणून तिकीट काढायला कचरतो. पंधरा वर्षांत कमाईची बरोबरी झाली की नाही हा त्याचा प्रश्नच नाही.

पेन्शनचं बघा. तिथे पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो, एच-वन-बीवाल्यांचाही. म्हातारपणचं पेन्शन मिळायला ४० तिमाह्या भराव्या लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षं. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. नेमक्या तरतुदी करारागणिक वेगळ्या असल्या, तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्हीकडची वर्षं एकत्र धरण्याची सोय त्यांत बहुधा असते. अमेरिकेशी असा करार नाही. त्यामुळे सहा वर्षं काम करून परत आलेला मराठी इंजिनियर सहा वर्षांचा कर तिथे सोडून येतो. जनगणनेतूनही गेला, पेन्शनमधूनही गेला. लुबॉट्स्कींच्या भाषेत सांगायचं तर तो उरलेल्यांची सरासरी सुधारून गेला, आणि वर त्यांच्या पेन्शनला हातभारही लावून गेला.

इथे एक जपून बोलायची गोष्ट. भारतीय अमेरिकनांचं उत्पन्न किती जास्त आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी 'द अदर वन पर्सेंट' या २०१७ च्या पुस्तकात त्याचं कारण तिहेरी निवड असं मांडलंय : आधी जात-वर्गामुळे शिक्षणापर्यंत कोण पोहोचतं, मग प्रवेश परीक्षांतून कोण पुढे जातं, आणि शेवटी अमेरिकेचा व्हिसा कुणाला आत घेतो. तीन चाळण्यांतून आलेल्यांची सरासरी जास्त असणारच. तेव्हा 'भारतीयांनी तिथे अमुक केलं म्हणून यशस्वी झाले' असं कुणी सांगितलं, तर त्यातलं किती 'अमुक'मुळे आणि किती चाळणीमुळे, हे विचारा. 'स्ट्रीट्स ऑफ गोल्ड'ची ताकद इथेच आहे, की वडलांची पायरी सारखी ठेवून मुलांची तुलना केल्यामुळे चाळणीचा बराच परिणाम बाजूला होतो. सगळा होत नाही. डॉक्टर असून टॅक्सी चालवणाऱ्या बापाची पायरी त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा खाली दिसते. मुलगा वर गेला तर तो काही अंशी बापाच्याच जागी परत आलेला असतो. लेखक हे स्वतः मान्य करतात, हा त्यांचा मोठेपणा. त्या बापाच्या वीस वर्षांचं काय, हे मात्र पुस्तक विचारत नाही.

आणि शेवटचं प्रश्नचिन्ह : परत गेलेल्यांना गाळणीतून बाहेर काढलं, सरासरी सुधारली, इथवर ठीक. पण त्यांचं पुढे काय झालं? पुस्तकात ते एक अडचण म्हणून येतात, दूर करायचा दोष म्हणून. एलिस बेटाच्या मौखिक मुलाखती पुस्तकात छान वापरल्यात, पण त्या मुलाखती देणारेही टिकलेलेच. याच लेखकांचा २०१२ चा नॉर्वेचा निबंध यापेक्षा चांगला आहे, असं मला वाटतं. तिथे त्यांनी एकाच घरातले दोन भाऊ घेतले, एक अमेरिकेला गेलेला आणि एक घरी राहिलेला, आणि जाण्याचा फायदा सुमारे ७० टक्के काढला. निदान 'न गेलेला मी' कसा असता, याचं काहीतरी उत्तर त्यात आहे.

परत आलेल्यांना मोजायचं असेल तर निघालेल्या गावात जावं लागतं. तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी १९९८ मध्ये केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू केलं. ते घरोघरी जाऊन विचारतात : तुमच्याकडचं कोण बाहेर आहे, आणि कोण परत आलंय? त्याच धर्तीवर गोव्यातही २००८ साली अभ्यास झाला. आखातात तुम्ही तीस वर्षं काढली तरी सामान्यतः नागरिक होत नाही, परत येणं ठरलेलंच. म्हणून तिथल्या शहाणपणाचा हिशेबच वेगळा : किती पैसे घरी पाठवले, घर बांधलं का, नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी हातात आली का (अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा), आणि परत आल्यावर काम मिळालं का. अमेरिकेवरच्या साहित्यात यातला एकही रकाना सहसा नसतो, कारण तिथे परत जाणं म्हणजे नमुन्यातून गळणं.

रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गातून आखातात गेलेली कितीतरी घरं आहेत. केरळच्या प्रश्नावल्या छापील अहवालांतून बघता येतात. एखाद्या तालुक्यातली दोनशे घरं, आत्ता बाहेर असलेले, परत आलेले आणि कधीच न गेलेले भाऊ, असं काम एम.फिल.च्या आकाराचंही होऊ शकलं असतं. आता पीएचडीच्या पहिल्या वर्षाचं पथदर्शी काम म्हणून सहज बसेल. कुणी सुरू करत असाल तर प्रश्नावलीत कमाईच्या आधी हा प्रश्न टाका : परत येण्याचा निर्णय कुणी घेतला, तुम्ही, घरच्यांनी, मालकानं की व्हिसानं?